पावसाळ्यात वारंवार पडणारा आरसीसीबी : न्हाणीच्या दुरुस्तीनंतरचा दोष कसा शोधावा

जूनमध्ये पावसाने जोर धरला की घरातील आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा बोर्डावरचा स्विच, रात्री-अपरात्री पडतो, पुन्हा वर केला तरी टिकत नाही आणि दोन दिवस उघडीप मिळाली की आपोआप सुरळीत होतो. ही तक्रार बेळगाव शहरात आणि खानापूरच्या बाजूला, म्हणजे जिथे पाऊस भिंतींत मुरेपर्यंत थांबत नाही तिथे, मी अनेक घरांत ऐकली आहे. ज्या घरांत अलीकडे जुनी न्हाणी मोडून नवे बाथरूम झाले आहे, बंबाच्या जागी गीझर आला आहे आणि नळकामाचा किंवा वायरिंगचा काही भाग घरच्या माणसांनीच केला आहे, तिथे ती विशेष आढळते. शहापूर भागातील आमच्या जुन्या घरातही हेच झाले. दोष पूर्णपणे सापडायला तीन पावसाळे लागले, कारण प्रत्येक वर्षी एक कारण सापडले की तेच खरे कारण आहे असे समजून मी शोध थांबवत होतो. शोधाची दिशा आधीपासून ठाऊक असती तर हे काम एका आठवड्यात संपले असते, म्हणून ती येथे सविस्तर मांडत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. आरसीसीबी पडत राहिला की "तो काढून टाका, एमसीबी आहेच की" असा सल्ला हमखास मिळतो. मलाही मिळाला होता. तो सल्ला जीवघेणा आहे. एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. सोळा अँपिअरच्या एमसीबीला अर्ध्या अँपिअरची गळती कळत नाही आणि ओल्या अंगाच्या माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो आणि दोहोंत ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतो. तो पडतो आहे याचा अर्थ घरातला प्रवाह कुठेतरी वाट सोडून जातो आहे. ती वाट सापडेपर्यंत घर काही तास अंधारात राहिले तरी चालेल, पण आरसीसीबीला बगल देऊन वायर जोडू नये.

तो केव्हा पडतो, याची वही ठेवा

शोधाची सुरुवात अवजारांनी न करता वही-पेन्सिलीने करावी. प्रत्येक वेळी आरसीसीबी पडला की वेळ, पाऊस चालू होता की नाही आणि त्या क्षणी घरात कोणती उपकरणे चालू होती, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात. आठवड्याभरात नोंदी बोलू लागतात. गीझर लावल्यावर लगेच किंवा पाणी तापू लागल्यावर काही मिनिटांनी पडत असेल तर संशय गीझरच्या एलिमेंटवर जातो. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी, कोणतेही मोठे उपकरण चालू नसताना पडत असेल तर पाणी वायरच्या पाइपमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे वायरींचे सांधे असलेल्या डबीत, उतरते आहे. एखादा ठरावीक दिवा लावताच पडत असेल, मग बाहेर कडक ऊन असो वा पाऊस, तर न्यूट्रलची अदलाबदल झालेली असते. वळिवाच्या गडगडाटात एकदाच पडून नंतर महिनाभर टिकत असेल तर तो विजेच्या धक्क्याने पडलेला असतो आणि त्यासाठी भिंती खणण्याची गरज नसते.

त्यानंतरची पायरी एमसीबींची. सर्व एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. जिच्यामुळे तो पडतो, त्या सर्किटवरील सर्व उपकरणांचे प्लग काढून पुन्हा पाहावे. प्लग काढल्यावर टिकला तर दोष उपकरणात आहे, नाही टिकला तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. हे सारे बोर्डाचे झाकण न उघडता, कोरड्या हातांनी आणि पायात रबरी चप्पल घालून घरमालकाला करता येते.

येथे एक फसवणूक होते, आणि आमचे पहिले वर्ष तिच्यातच गेले. घरातील बहुतेक एमसीबी एकपदरी असतात, म्हणजे त्या फक्त फेज तोडतात, तर सर्व न्यूट्रल एका पट्टीवर एकत्रच राहतात. समजा, न्हाणीच्या बाहेरील बोर्डात न्यूट्रलची वायर ओल्या भिंतीतून अर्थच्या वायरला लागली आहे. न्हाणीची एमसीबी खाली केली तरी हा स्पर्श तसाच राहतो. घरात भार कमी असताना त्यातून नगण्य प्रवाह वाहतो आणि आरसीसीबी टिकतो, पण स्वयंपाकघरात कोणी मिक्सर लावला किंवा माडीवर इस्त्री सुरू केली की परतीच्या प्रवाहाचा एक हिस्सा न्यूट्रल सोडून अर्थमधून जाऊ लागतो आणि आरसीसीबी पडतो. मग दोषी ठरते ती इस्त्री. आमच्या घरी याच कारणाने एक धडधाकट इस्त्री भंगारात गेली आणि गीझरचे एलिमेंटही बदलले गेले. वेगवेगळी मोठी उपकरणे लावल्यावर आरसीसीबी पडत असेल आणि त्यांपैकी कोणत्याही एकाचा सातत्याने संबंध जुळत नसेल, तर न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले आहेत असे धरून चालावे. हे शोधण्यासाठी बोर्ड उघडून प्रत्येक न्यूट्रल पट्टीवरून सोडवून मेगरने तपासावा लागतो आणि ते परवानाधारक वायरमनचेच काम आहे. मेगर ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरण तपासतो आणि किमान एक मेगाओहम रोध मिळाला पाहिजे. साध्या मल्टीमीटरवर नऊ व्होल्टच्या बॅटरीने घेतलेला आकडा चांगला दिसला म्हणून समाधान मानू नये, कारण ओल्या आवरणाचे खरे रूप जास्त दाबाखालीच दिसते.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. दिव्याचा फेज इन्व्हर्टरकडून आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटच्या पट्टीवर, अशी जोडणी वायर वाचवण्याच्या नादात सर्रास केली जाते. दिवा उत्तम लागतो, पण गेलेला आणि आलेला प्रवाह आरसीसीबीला जुळत नाही.

मीटरही या शोधात मदत करतो. अलीकडच्या अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर "अर्थ" किंवा "ईएल" असे लिहिलेला एक छोटा लाल दिवा असतो आणि फेज व न्यूट्रलमधील प्रवाहांत फरक पडला की तो लागतो. आमच्या मीटरवर तो कित्येक महिने लागलेला होता आणि आम्ही त्याला मीटर चालू असल्याची खूण समजत होतो. तुमच्याकडे तो लागत असेल तर मीटर वाचायला येणाऱ्या माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वी, आणि मुख्य म्हणजे घरातल्या कोणाला धक्का बसण्यापूर्वी, त्याची दखल घ्यावी.

गीझर

गीझरबद्दल थोडक्यात. एलिमेंटच्या धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. तिच्यात ओलावा शिरला किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार साचून नळीला चीर गेली की गळती सुरू होते. उन्हाळाभर बंद असलेला गीझर पहिल्या पावसात लावल्यावर आरसीसीबी पडतो, तो बहुधा या ओलाव्यामुळे. गीझरचा प्लग काढून ठेवल्यावर आठवडाभर काहीच झाले नाही, तरच एलिमेंट बदलावे. त्याआधी बदलू नये.

अर्थिंग कोठे गेले?

दुसऱ्या वर्षी न्यूट्रलचा दोष दुरुस्त झाला आणि आरसीसीबी पडण्याचे प्रमाण कमी झाले. मात्र त्याच सुमारास आमच्या काकूंना परड्यातील धुण्याच्या दगडाजवळच्या नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले. त्यांनी ते दोन-तीनदा सांगितल्यावर मी गांभीर्याने घेतले, याची मला आजही खंत वाटते.

शहापूर, वडगाव, खडेबाजार या जुन्या वस्त्यांतील घरांत पूर्वी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा क्वचितच घेत. बोर्डातून निघालेली उघडी तांब्याची तार न्हाणीतल्या जीआय पाइपला गुंडाळली की अर्थिंग झाले असे समजत, आणि तो लोखंडी पाइप जमिनीतून दूरवर गेलेला असल्याने ते काही प्रमाणात कामही करी. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या मानकानुसार नळाच्या पाइपला असे वापरणे योग्य नाही आणि त्याचे कारण आमच्याच घरात दिसले. न्हाणी नवी करताना मी गंजलेला जीआय पाइप काढून सीपीव्हीसी घातला. नळकाम म्हणून ते बरोबरच होते. पण प्लास्टिकचा पाइप बसला त्या दिवशी संपूर्ण घराचे अर्थिंग तुटले आणि परड्यातील जुन्या पाइपचा उरलेला तुकडा, ज्याला ती तार अजून गुंडाळलेली होती, जमिनीपासून वेगळा झाला. घरातील प्रत्येक उपकरणाची बारीकसारीक गळती त्या तुकड्यावर जमा होऊन नळाच्या तोटीपर्यंत पोहोचत होती. माझ्या नळकामाने वीजकाम बिघडवले होते आणि हा संबंध ना मला सुचला, ना त्या वेळी बोलावलेल्या वायरमनला.

येथे अनेकांचा एक समज दूर करायला हवा. आरसीसीबीवरील टेस्टचे बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असे अजिबात नाही. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आत फेज आणि न्यूट्रल यांच्यात एका रोधातून वाकडा मार्ग तयार करते. अर्थची तार मुळातच नसली तरी बटण दाबल्यावर तो पडतो. बटणाने फक्त यंत्रणा जिवंत आहे एवढेच कळते. अर्थिंग नसेल तर गीझरच्या अंगावर उतरलेला करंट कोणी हात लावेपर्यंत तसाच थांबून राहतो, आणि आरसीसीबीला पडण्यासाठी लागणारी गळती त्या माणसाच्या शरीरातून होते.

अर्थिंग आहे की नाही याचा प्राथमिक अंदाज बाजारात मिळणाऱ्या तीन दिव्यांच्या सॉकेट टेस्टरने येतो. खात्रीसाठी मात्र खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा. बेळगाव, खानापूरकडील जांभ्याच्या आणि तांबड्या मातीत पाणी झटकन निचरते, त्यामुळे खड्डा पावसाळ्यात चांगला आकडा दाखवतो आणि मे महिन्यात वाईट. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी. पूर्वेकडे गोकाक, अथणीच्या काळ्या जमिनीत ओल जास्त टिकते. रोध काही ओहमांपर्यंत खाली आणणे हे ध्येय असावे. तरीही ज्यांच्याकडे मे महिन्यात आकडा वाढतो, त्यांनी हताश होण्याचे कारण नाही, कारण ५० व्होल्टला ०.०३ अँपिअरने भागले तर दीड हजारांहून जास्त ओहम येतात, म्हणजे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी सुमार अर्थिंगवरही धोकादायक दाब टिकू देत नाही. मुळीच नसलेल्या अर्थिंगवर मात्र त्याचा इलाज चालत नाही.

पाणी वायरीपर्यंत कसे पोहोचते

तिसऱ्या पावसाळ्यात नोंदवहीत एकच आकृतिबंध उरला. मुसळधार पाऊस लागून चार-पाच तास झाले की पहाटेच्या सुमारास आरसीसीबी पडे. एमसीबींच्या चाचणीत न्हाणीचे सर्किट निघाले. गीझर काढून ठेवला तरी दोष कायम राहिला.

पाणी दोन बाजूंनी येत होते. पहिली वाट गच्चीवरून होती. गच्चीवरील दिव्यासाठी मी स्वतः भिंतीत चर पाडून पीव्हीसी पाइप सोडला होता आणि त्याचे वरचे तोंड उभे, आकाशाकडे उघडे ठेवले होते. पावसाचे पाणी त्यातून सरळ खाली न्हाणीबाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये उतरत होते. पन्हाळीसारखे वाहण्याइतके ते नसते, वायरींच्या अंगाने ओघळत थेंबाथेंबाने येते, पण जंक्शन बॉक्समधील चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे भिजायला तेवढे पुरते. उपाय सोपा आहे. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक पाइपचे तोंड छत्रीच्या मुठीसारखे खाली वळवावे, त्यातून निघणारी वायर आधी खाली झुकवून मगच वर न्यावी आणि तोंड सीलंटने बंद करावे. चिकटपट्टीचे सांधे काढून योग्य कनेक्टर घालावेत. तुमच्याकडे डिश अँटेनाची वायर त्याच पाइपमधून खाली आणलेली असेल, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

दुसरी वाट नळकामातून होती. गीझरमधून गरम पाणी नेणाऱ्या सीपीव्हीसी पाइपचा एक सांधा भिंतीत पाझरत होता. सीपीव्हीसी गरम झाल्यावर लांबतो. एक मीटर पाइपला ४० अंशांच्या फरकाने सुमारे अडीच मिलिमीटर वाढ होते. मी तो पाइप दोन्ही बाजूंनी सिमेंटमध्ये घट्ट गाडला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी पाणी तापले की लांबी वाढायला जागा न मिळून ताण पितळी आटे असलेल्या कोपऱ्यावर येत होता. शिवाय तो आटा मी टेफ्लॉन टेप लावून हवा त्यापेक्षा जास्त आवळला होता. एरवी तो पाझर भिंतीत जिरत असे. पावसाळ्यात भिंत आधीच ओली असल्याने जिरायला जागा उरत नसे आणि ओल शेजारून गेलेल्या वायरच्या पाइपपर्यंत पोहोचे.

पाझर शोधण्याची साधी रीत अशी. रात्री सर्व नळ बंद करून टाकीत येणारे पाणीही बंद करावे, टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि सकाळी पाहावे. पातळी उतरली तर न्हाणीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्या रात्री हेच करावे. केवळ गरम पाण्याच्या बाजूचा पाझर असेल तर पातळीतला फरक इतका कमी असतो की डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे न्हाणीच्या मागच्या बाजूच्या भिंतीला, आमच्याकडे सोप्याच्या भिंतीला, पोपडे कोठे येतात ते पाहावे. पाझर बहुधा त्या डागाच्या वरच्या बाजूला सापडतो.

नवे काम करणाऱ्यांनी फरशी बसवण्यापूर्वी पाइपला दाबाची चाचणी अवश्य द्यावी. टाकी नळापासून पाच मीटर उंच असेल तर नळावर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो दाब येतो, आणि एवढ्या दाबाला सदोष सांधाही काही दिवस दम धरतो. हातपंपाने त्याच्या कितीतरी पट दाब देऊन तो रात्रभर उतरत नाही ना, हे पाहावे. सांधे चिकटवण्याचे सॉल्व्हंट पूर्ण वाळण्यापूर्वी ही चाचणी घेऊ नये. गरम पाइपभोवती नरम आवरण गुंडाळूनच तो चरीत ठेवावा. पाण्याचा पाइप आणि वायरचा पाइप एकाच चरीत नेण्याची चूक मी केली, ती कृपया कोणी करू नये. दोहोंमध्ये अंतर ठेवावे, आणि ओलांडणे अपरिहार्य असेल तिथे वायरचा पाइप वर ठेवावा.

काय स्वतः करता येते आणि काय नाही

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीच्या २०२३ च्या विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलणे, म्हणजे ज्यामुळे वीजजोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही अशी कामे, ग्राहकाला मोकळी आहेत. नवी वायर टाकणे, सर्किट वाढवणे, फेरबदल करणे ही कामे राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली केली पाहिजेत. चर पाडणे, भिंत पूर्ववत करणे, नळकाम करणे यांत घरमालकाने हात घालायला हरकत नाही. गीझरसाठी नवे सर्किट मात्र त्या मर्यादेपलीकडचे आहे. मी गच्चीचा पाइप टाकताना त्यात वायरही स्वतःच ओढली होती. ते चुकीचे होते आणि पुढे ठेकेदाराकडून ते संपूर्ण सर्किट पुन्हा करून घेतले.

दोन किलोवॉटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर घेतो आणि तीन किलोवॉटचा तेरा. दोन किलोवॉटसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि सोळा अँपिअरचे सॉकेट ठीक. तीन किलोवॉटला मी चार चौरस मिलिमीटरचीच वायर घेईन. अंगावर पाणी उडते त्या जागेत, म्हणजे शॉवरच्या जागेवर सव्वादोन मीटर उंचीपर्यंत आणि तिच्या बाजूला साठ सेंटिमीटरपर्यंत, स्विच किंवा सॉकेट असू नये. जुन्या न्हाण्या लहान असतात, म्हणून गीझरचा स्विच बाहेर घेणेच उत्तम. शक्य असल्यास बाथरूमसाठी वेगळा आरसीसीबी बसवावा. मानकानुसार ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो, आणि संगणक, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांची थोडीथोडी गळती मिळून निम्मी मर्यादा आधीच भरलेली असते. सर्किटे विभागली की निष्कारण पडणे थांबते आणि पडलाच तर रोख कोणत्या खोलीकडे आहे ते लगेच कळते.

गीझरमुळे घराचा मंजूर भार ओलांडला जात असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीजपुरवठा कंपनीच्या, कार्यालयात भारवाढीचा अर्ज करावा लागतो. वीजबिल कन्नडमध्ये असले तरी आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) आणि किलोवॉटमधील मंजूर भार हे दोन आकडे त्यावर सहज ओळखू येतात. अर्जासोबत ठेकेदाराच्या सहीचा काम पूर्ण झाल्याचा आणि चाचणीचा अहवाल लागतो. निपाणी, खानापूर, उचगाव या पट्ट्यात चंदगड किंवा कागलकडचे ओळखीचे वायरमन कामाला येतात आणि त्यांच्या हाताला गुण असतो याबद्दल मला शंका नाही. तथापि अहवालावर सही करणाऱ्याकडे कर्नाटकातील परवाना आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे, अन्यथा भिंत बंद झाल्यावर न पाहिलेल्या वायरिंगवर सही करायला दुसरा कोणी तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे.

ठेकेदाराने गेल्या उन्हाळ्यात अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, मेगरची चाचणी केली आणि न्हाणीला स्वतंत्र आरसीसीबी दिला. मी गरम पाण्याचा सांधा बदलला आणि गच्चीवरचे तोंड खाली वळवले. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक चरीवर मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली आणि त्यांच्या प्रती बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्या आहेत. नोंदवही अजून त्याच कपाटात आहे. संपूर्ण पावसाळ्यात तिच्यात एकच नोंद झाली, ती वळिवाच्या पहिल्या गडगडाटाची.